वीतभर अंतरावरचा पंप

हमरापुरात गणपतीचे कारखाने पुष्कळ, पण डोळे आखावेत ते मैनानेच, असं गावात कुणीही सांगेल. कुणी नाही सांगितलं तर मैना स्वतः सांगेल. बाई स्वभावाने तिखट. नवरा केरू वारल्यावर कारखाना मुलाच्या, हरेशच्या हाती गेला, तरी आखणीचा ब्रश तिने कुणाला दिला नाही. अंग रंगवायला स्प्रे गन असते, ते कुणीही शिकतं. डोळे मात्र हाताने. श्वास रोखायचा, बुबुळाची रेघ ओढायची, मगच श्वास सोडायचा. मध्येच छाती हलली की हात हलतो आणि देव तिरळा होतो.

त्याच मैनाला दोन वर्षांपासून श्वास पुरत नव्हता.

सुरुवात खोकल्याने झाली. प्लास्टरच्या मूर्ती घासताना पांढरी भुकटी उडते, ती पापण्यांवर बसते, भाकरीवर बसते, मग छातीत बसली तर नवल काय. घरी आल्यावर चुलीचा धूर होताच. पण खोकला हा आजार आहे असं कारखान्यात कुणी धरतच नाही. पुढे कळशी घेऊन ओटा चढताना धाप लागायला लागली तेव्हा हरेश तिला पेणला घेऊन गेला. डॉक्टरांनी इनहेलर, म्हणजे औषधाचा पंप लिहून दिला. औषधाच्या दुकानातला माणूस तो कसा ओढायचा हे दाखवायला पुढे झाला, तर मैनाने त्याच्या हातातून पंप काढूनच घेतला.

"मला नको शिकवू. जल्म गेला फवारे मारण्यात."

आणि मारले तिने फवारे. धाप लागली की आ वासायचा, पंप तोंडासमोर वीतभर अंतरावर धरायचा आणि मनगट जरासं फिरवत दोनदा दाबायचं. गन जवळ धरली की रंग ओघळतो, लांबून मारला तर पातळ आणि सारखा बसतो. औषधाचंही तसंच असणार, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं. जिभेवर कडसर चव आली की औषध लागलं. बरं वाटेल त्या दिवशी पंपाला सुट्टी. गुण येईना, तेव्हा तिने औषधाला नावं ठेवली, डॉक्टरांना नावं ठेवली, आणि धाप पदराआड लपवायला ती शिकली. हरेशला कळलं तर तो म्हणेल, आये, आता घरात बस. डोळे आखायचं काम हातचं गेलं तर आपण कोण, ही भीती तिला धापेपेक्षा जास्त छळायची.

तिची लेक अनिता रोह्याला दिलेली. तिच्या बाळाच्या बारशाला मैना गेली, पाळणा म्हणायला उभी राहिली आणि अर्ध्या कडव्यातच तिचा आवाज तुटला. ओठ निळे पडले. जावयाने रिक्षा आणली. रोह्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, मशीनमधून औषधाची वाफ दिली, तेव्हा कुठे ती माणसात आली.

दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, पंप कसा घेता ते दाखवा बघू."

मैनाने अगदी ऐटीत दाखवलं. औषधाचा पांढरा ढग तिच्या नाकासमोरून निघाला आणि खिडकीकडे गेला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. अनिताने मात्र तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दोन वर्षं असंच?"

"व्हय."

"मावशी, मग ते छातीत पोचलंच नाही."

त्यांनी पंपाला प्लास्टिकची एक फुगीर नळी जोडून दिली आणि तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. आधी पंप हलवायचा. सगळा श्वास बाहेर सोडायचा. नळीचं तोंड ओठांत घट्ट धरायचं, एकदा दाबायचं, सावकाश आत ओढायचं, थोडं थांबायचं. सकाळ-संध्याकाळ, बरं वाटो न वाटो. नंतर चूळ भरायची. धाप लागली तर घाबरून हवा गिळायची नाही. ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसा श्वास सोडत राहायचा. आणि चूल बंद, भुकटी बंद.

"मग पहिल्यासारखी व्हईन ना मी?"

डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. "श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते मात्र सांभाळता येईल."

मैना रडली. पेणच्या त्या दुकानदाराचा पुढे आलेला हात तिला आठवला. स्वतःचा एवढा राग तिला जन्मात कधी आला नव्हता.

हमरापूरला परतल्यावर हरेश म्हणायचं तेच म्हणाला. "आये, आता कारखान्यात पाय नाय ठेवायचा."

भांडायला तिच्याकडे दम नव्हता. ती हळूच म्हणाली, "नाय ठेवत. पण डोळे सगळ्यात शेवटी असतात. तवा भुकटी नसते, गन नसते. मूर्त्या पुसून माझ्या पडवीत आण."

दुसऱ्या दिवशी हरेशने गॅसची शेगडी आत मांडली, चूल बुजवली, आणि ओल्या फडक्याने पुसलेल्या सहा मूर्ती पडवीत आणून ठेवल्या.

मैना पाटावर बसली. सवयीने श्वास रोखला. रेघ अर्ध्यावर आली आणि छातीतून खोकला उसळला. काळा रंग गणपतीच्या गालावर गेला. सून दिपिका शेजारी उभी होती. तिने हरेश बघायच्या आत गाल पुसून काढला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मैनाने ब्रश खाली ठेवला, ती ओठांचा चंबू करून श्वास सोडायला लागली, आणि तिच्या ध्यानात आलं की असा लांब श्वास सुटत असताना हात स्थिर असतो. तिने ब्रश उचलला. श्वास सोडत सोडत रेघ ओढली. रेघ सरळ आली.

डोळा छान उतरला होता. पण एका मूर्तीनंतर तिला भिंतीला टेकून बसावं लागलं. जेवणापर्यंत दोनच मूर्ती झाल्या. कारखान्यात ओळीने मूर्ती थांबल्या होत्या आणि पूर्वी जेवणाच्या आत तिची एक अख्खी ओळ व्हायची. हरेश दारात उभा राहून बघत होता. बोलायचं मैनालाच होतं, आणि ते तिला फार जड गेलं.

"दिपिका, इकडं ये गो. बस हितं."

"मी?"

"मग कोण? मला रोज दोन-चार जमतील. बाकीचे तुझे." तिने ब्रश सुनेच्या हातात दिला. देताना बोटं सुटेनात, ती तिने स्वतःच सोडवली.

दिपिका घाबरत घाबरत बसली. तिने आखलेला डोळा मैनाच्या डोळ्यासारखा नव्हता. थोडा मोठा होता, कोपऱ्याला जरा जास्तच लांब गेलेला. सुनेने वळून सासूकडे पाहिलं.

मैनाच्या जिभेच्या टोकावर पुष्कळ काही आलं. पण बोलायलाही श्वास लागतो, आणि तिला अजून एक गणपती करायचा होता.