कार्डाची ओळख पटेना

"माणसाच्या इतिहासात असे काही क्षण येतात, की त्यानंतर जग पूर्वीसारखं राहत नाही," लिफ्टमास्तर उभे राहून म्हणाले. "तसा एक क्षण आज या टेबलावर येणार आहे."

"तो यायच्या आधी टेबलावरचे स्क्रू उचला," बायको म्हणाली. "मघाशी एक साखरेच्या डब्यात सापडला."

लिफ्टमास्तरांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लोकांना वर पाठवण्यात हयात गेली, असं ते सांगत आणि ऐकणारा दचकला की खूश होत. निवृत्तीनंतर त्यांनी एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली आणि घरातले फोटो, गाणी, विम्याचे कागद साठवायला सर्व्हर केला. घरात त्याला कोठार म्हणत. कोठार रात्रंदिवस घरघरायचं. लिफ्टमास्तर घोरू लागले की दोघांतला फरक फक्त बायकोला कळे.

आजचं काम मात्र थोरल्या भावाचं होतं. थोरले दातांचे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावायचं आणि संध्याकाळी स्वतःच्या तोंडाला माउथऑर्गन लावायचा, असा त्यांचा क्रम. वाजवलेलं सगळं ते रेकॉर्ड करून ठेवत. ते गेले आणि मागोमाग त्यांचा कॉम्प्युटरही जळाला. उरल्या चार डिस्क. मेख अशी, की डॉक्टरांनी त्या 'रेड' नावाच्या एका कार्डाला जोडल्या होत्या. असलं कार्ड प्रत्येक फाइलीचे तुकडे करून सगळ्या डिस्कवर वाटतं. कुठला तुकडा कुठे, ही मांडणी डिस्कवरच नोंदलेली असते खरी, पण ती वाचता येते तशाच दुसऱ्या कार्डाला. डॉक्टरांचं कार्ड तर कॉम्प्युटरबरोबरच गेलं होतं.

"फोटो भरपूर आहेत हो भाऊजी," वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "पण फोटोत हसणं ऐकू येत नाही. यांचं हसणं कसं होतं, ते हल्ली मला नीट आठवत नाही."

एवढं बोलून त्या कप विसळायला गेल्या. लिफ्टमास्तरांनी गावातले भंगारवाले पालथे घातले आणि तस्संच एक कार्ड मिळवलं.

कोठाराने त्याला ओळख दाखवायला साफ नकार दिला. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, या कार्डाशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरच नव्हता. लिफ्टमास्तर इंटरनेटवरच्या चर्चा वाचत बसले. तिथे प्रश्न एकाने विचारला होता, भांडत दुसरेच होते आणि उत्तर तिसऱ्याने जाता जाता देऊन टाकलं होतं. त्याबरहुकूम त्यांनी ड्रायव्हर घालून कर्नेल नव्याने बांधला. आधी कोठार सुरूच होईना. मग सुरू झालं, पण घरातलं नेटवर्क गेलं आणि दोन दिवस बायको त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलली. आज सकाळी मात्र कार्ड दिसलं.

वहिनींना बोलावणं गेलं. त्या येऊन खुर्चीत टेकल्या. डिस्क जोडल्या, कोठार पुन्हा सुरू केलं, आणि कार्डाने पडद्यावर विचारलं: या डिस्क दुसऱ्या कार्डाच्या आहेत. त्यांची जुनी मांडणी स्वीकारू, की काढून टाकू?

लिफ्टमास्तरांचं बोट आपसूक 'काढून टाका'कडे गेलं. धंद्याची सवय. जुन्या लिफ्टला नवा पॅनल बसवताना आधीचं सेटिंग उडवायचं असतं, नाहीतर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच दार उघडून उभी राहते.

"थांबा," बायको म्हणाली. ती जन्मभर वॉर्डात नर्स होती. इंजेक्शन द्यायच्या आधी ओळखीच्या पेशंटलाही नाव विचारायची. "काय दाबताय?"

"जुनी मांडणी उडवतोय. कशी कोरी सुरुवात!"

"आणि कुठला तुकडा कुठे, ते कशात लिहिलंय म्हणालात?"

"मांडणीत," लिफ्टमास्तर म्हणाले, आणि मग आपण काय म्हणालो ते त्यांना ऐकू आलं. बोट हवेतच राहिलं.

"पेशंट दाखल व्हायला आलाय, आणि तुम्ही त्याचे केसपेपर फाडताय!"

वहिनींना कार्ड कळत नव्हतं, पण दिराचा उतरलेला चेहरा कळला. "गेलं का हो सगळं?"

"नाही, नाही. वाचलं. तुमच्या जावेनं वाचवलं."

"हे जरा मोठ्याने सांगा," बायको म्हणाली.

त्यांनी 'स्वीकारा' दाबलं. डिस्क कुरकुरल्या, कोठार उठलं, आणि डॉक्टरांच्या फाइली एकाखाली एक उभ्या राहिल्या. लिफ्टमास्तरांनी हाताला येईल ती लावली.

माउथऑर्गन सुरू झाला. सूर बरे चालले होते. मग एका वळणावर सपशेल घसरले. "हात् तिच्या!" डॉक्टर म्हणाले आणि हसले. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून, शेवटी खोकला येईपर्यंत.

वहिनी रडल्या नाहीत. उशिरा घरी आलेल्या माणसाकडे बघावं तशा त्या स्पीकरकडे बघत राहिल्या. डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं.

लिफ्टमास्तरांनी प्रसंगाला शोभेल असं भाषण तयार ठेवलं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"वहिनी, विज्ञानाने आज मृत्यूलासुद्धा..."

"भाऊजी."

"काय?"

"पाठीला एक उशी द्या ना."