वीतभर खालचा थर

रोटाव्हेटरचं पातं अजून बोटाला धारदार लागत होतं... या मोसमात चार-पाच शेतं फिरून आलं असेल, तरी चिखलाचा कण नाही त्याच्यावर. गावाच्या सामाईक अवजारांच्या शेडचा नियमच होता तो. अवजार नेलं की धुऊन आणायचं, एकाच्या मातीतला रोग दुसऱ्याकडे जाता कामा नये. आणि एका घराला एका पाळीत एकच अवजार. लिंडसेनं बोट मागे घेतलं. त्याची मुलगी टेगन खडू घेऊन फळ्यासमोर उभी होती – कुठल्या अवजारापुढे नाव लिहायचं ते तिचं ठरत नव्हतं.

‘‘लिही की गं बाई,’’ वाल म्हणाली. शेडच्या किल्ल्या वीस वर्षं तिच्याच कमरेला. ‘‘आधीच तुझा ट्रॅक्टर एवढासा. तू ठरवेपर्यंत लोकांच्या रासबेरी पिकतील.’’

‘‘ट्रॅक्टरला काही बोलायचं नाही हं वाल. तो मनाला लावून घेतो.’’

लिंडसे हसला. हा धीर हिनं कुठून आणला? हिच्या आईकडे, जीनकडे नव्हता, आणि माझ्याकडे – माझ्याकडे तर कधीच नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी, ही आता लागवड करणार त्याच उतारावर, भर जुलैत, हिवाळी पावसात, रोपांच्या जुड्या दारात येऊन पडलेल्या, माती ओली गच्च, आणि मी घातला रोटाव्हेटर. वरची माती कशी रव्यासारखी झाली होती... जीन बूट काढून तिच्यात घोट्यापर्यंत रुतली, ‘‘किती सुंदर केलंस रे,’’ म्हणाली. आणि खाली, वीतभर खाली, तीच पाती ओली चिकणमाती थापीनं लिंपावी तशी लिंपत गेली होती. पाणी मुरेना. दुसऱ्या उन्हाळ्यात रोपं उभ्या-उभ्या वाळली. ‘‘रोपंच रोगट होती,’’ मी सगळ्यांना सांगितलं. नर्सरीवाला म्हातारा चर्चच्या दारात टोपी काढायचा, जीन मान फिरवून पुढे जायची. मरेपर्यंत तिनं मान फिरवली.

आता तो उतार टेगनचा. होबार्टमधली हॉस्पिटलची नोकरी सोडून आली होती. ऑगस्टमध्ये तीन हजार रोपं येणार. आज रोटाव्हेटर नेला तर दुसरं अवजार पुढच्या पाळीत, हिवाळी पाऊस लागल्यावर – आणि ओल्यात तो खालचा कडक थर फुटत नाही. काल तिनं सरळ विचारलं होतं, ‘‘डॅड, तिथे तू काय केलं होतंस?’’ आणि तो म्हणाला होता, आठवत नाही गं. आता तरी सांगायला हवं, तिच्या हातातला खडू टेकायच्या आत...

खडू टेकला. सबसॉयलरपुढे. कोपऱ्यातला तो एकच लांब फाळ, खोलवरची माती फोडणारा, काळा, बेढब, ज्याच्याकडे सहसा कुणी वळून बघत नाही.

‘‘हा?’’ वाल म्हणाली. ‘‘यानं शेत काही छान दिसत नाही हो.’’

‘‘रोपांना कुठे डोळे असतात? अकरा खड्डे खणले मी काल. प्रत्येकात वीतभर खाली कुदळ ठण्ण वाजते. गवताची मुळंसुद्धा तिथवर जाऊन आडवी वळतात. माती कोरडी आहे तोवर हे फोडायचं, बाकीचं मग.’’

अकरा! मी एकही खणला नव्हता. लिंडसेला तिचा अभिमान वाटला. या मुलीला कुणी काही सांगायची गरज पडली नव्हती. तिनं मातीलाच विचारलं होतं.

‘‘पण तिथे तर रोपंच रोगट आली होती ना, लिंडसे?’’ वाल म्हणाली. ‘‘जीन किती चिडायची त्या म्हाताऱ्यावर.’’

तो काही बोलायच्या आत टेगनच बोलली, फळ्याकडे बघत. ‘‘असतील. मम् तसंच म्हणायची.’’

म्हणजे हिला कळलंय. अकरा खड्ड्यांत, माती कुणी आणि कधी लिंपली, सगळं वाचून आली ही... आणि मला पाठीशी घालते आहे.

मातीला आता त्याच्या कबुलीची गरज उरली नव्हती. मुलीलाही नव्हती. मग छातीत हे काय वर येत होतं? लाज होतीच, पण लाजेहून मोठं, जवळजवळ आनंदासारखं काहीतरी...

‘‘वाल,’’ तो म्हणाला. त्याचा त्यालाच आवाज ओळखीचा वाटला नाही.

‘‘काय रे?’’

टेगननं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. खरं काय ते बोलायची भीती त्याला आता वाटत नव्हती – भीती एवढीच होती, की ही आपल्याला बोलू देणार नाही.