इवायाचं आखूड धोतर

वरात पातूरहून बैलांच्या दमण्यांतून आली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. बिनसलं ते धोतरावरून. नवरदेवाचे वडील भगवंतराव अंगानं दोन माणसांएवढे. मुलीच्या आईनं, माणिकबाईंनी, इवायासाठी, म्हणजे व्याह्यासाठी, मानाचं धोतर घेताना लांबी पाहिलीच नव्हती, नुसती किनार पाहिली होती.

"हे धोतर होय का पंचा?" भगवंतराव गरजले. "गुडघ्याखाली येत नाई! वरात वापस नेतो मी." आणि मांडवाच्या मधल्या मेढीला पाठ लावून बसले.

इवायानं रुसावं ही रीतच. पण हे खरोखरीचे रुसले होते. मुलीचे वडील नत्थुजी नुसते हात जोडून उभे. मुहूर्त गोरजाचा. आत नवरी शकुन बाशिंग बांधून बसलेली.

तेवढ्यात अकोल्याकडून काळाभोर ढग चढून आला. फाल्गुनातलं वादळ सांगून येत नाही. वारा मांडवात घुसला, जांभळीच्या डहाळ्या उडाल्या, गारा तडतडल्या, मेढ करकरली. मांडव पडला तर अपशकुन. मग वरातीला कोण थांबवणार?

"रुसून मंग बसा, इवाईबुवा!" माणिकबाई ओरडल्या. "पयले मेढ धरा!"

भगवंतरावांनी विचार केला नाही, मिठीच मारली. मेढ हलायची थांबली. शेजारचे दाऊदभाई मांडवाच्या एका दोराला लटकले, वरातीतले दुसऱ्याला. गॅसबत्ती विझली.

"घटका चुकते!" भटजी कुडकुडत म्हणाले.

"चुकू कायले द्यायची? म्हना तुमी!" माणिकबाईंनी फर्मावलं.

नवरानवरी उभी राहिली. अंतरपाट धरला, तो वाऱ्यानं हिसकावून थेट बाभळीवर नेला. शकुननं नवरदेवाकडे पाहून घेतलं; खोटं कशाला बोला, त्यानंही पाहिलं. माणिकबाईंनी झटक्यात ते रुसव्याचं धोतर उचललं. एक टोक नत्थुजींच्या हाती, दुसरं आपल्या. भटजींची मंगलाष्टकं वाऱ्यापुढे ऐकू येईनात, म्हणून दोरांना लटकलेल्या अख्ख्या गावानं "सावधान" ठोकलं. भगवंतरावांचा आवाज सगळ्यांच्या वर. अक्षतांबरोबर गाराही पडल्या.

वादळ सरलं तेव्हा मांडवाचं अर्धं छत शेजारच्या वावरात होतं. मेढ मात्र उभी, आणि तिला बिलगलेले इवाई. माणिकबाईंनी ओलं धोतर पिळलं, घडी घातली नि त्यांच्यापुढे धरलं.

"तुमाले नाई पुरलं, इवाईबुवा. तुमच्या पोराच्या लग्नाले पुरलं न?"

भगवंतरावांनी हसू दाबायचा प्रयत्न केला. मिशांनी साथ दिली नाही.

"आना इकडं," ते म्हणाले, आणि तेच ओलं धोतर डोक्याला फेट्यासारखं गुंडाळून पंगतीला बसले.