बाराव्या मजल्यावरची खोली

देवाशप्पथ सांगते, गळ्याला हात लावून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! ज्याला खोटं वाटत असेल त्याने आत्ताच उठावं, चहा मिळणार नाही.

हेमलताने माऊस दाबला आणि पडद्यावर तिसऱ्यांदा तेच पान आलं. वर अरबी, खाली इंग्रजी: ही साइट या देशात बघता येणार नाही.

"झालं," मागे उभा असलेला श्रीपाद म्हणाला. "हेही बाद."

"अहो, बाद काय? पान बंद आहे. हॉटेल उघडंच आहे ना."

"सरकार उगाच बंद करेल का? काहीतरी असणार आत."

त्याने वहीत नाव लिहिलं आणि त्यावर पट्टी धरून रेघ मारली. पट्टी धरून, बरं का.

गोष्ट दोन हजार सहा सालची, रियाधमधली. हेमलता एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, बायकांच्या विभागात कामाला. लॅबने रक्त तपासायचं नवं मशीन घेतलं होतं आणि ते शिकायला तिला सहा दिवस ओसाकाला पाठवायचं ठरलं. ऑफिसच्या कामासाठी परदेशात, एकटीने, पहिल्यांदाच. हॉटेल तिने निवडायचं आणि फॉर्म बुधवारी बारापर्यंत द्यायचा. नाही दिला तर गुरुवार-शुक्रवार सुट्टी, आणि शनिवारी तिच्या जागी पुरुषांच्या विभागातला कोणीतरी निघालेला.

श्रीपाद तिचा नवरा. रियाधच्याच सुलै भागात एका स्पेअर पार्टच्या कंपनीचं गोदाम सांभाळायचा. अकरा वर्षांत कंपनीने त्याला लांबात लांब कुठे पाठवलं असेल, तर कतीफला, मासळीच्या कोल्ड स्टोरेजचा कंप्रेसर बघायला. तेही अंधाराआधी परत. हेमलताचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावावर, म्हणून तिचा जाण्यायेण्याचा व्हिसा त्याच्याच कफीलकडून, म्हणजे कंपनीच्या मालकाकडून काढायचा. तो अर्ज घेऊन गेला तेव्हा त्याचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, मॅनेजर भर गोदामात ओरडला, "मदाम याबान, इन्ता सुलै!" म्हणजे बाई जपानला, तू सुलैला. गोदाम इतकं हसलं, इतकं हसलं, की वरच्या फळीवरून एक रेडिएटर खाली आला. हे त्याने स्वतः घरी येऊन सांगितलं, हसत हसत. आणि जेवताना आमटीत तीनदा मीठ घातलं.

व्हिसा मात्र आणला. बायकोला नाही म्हटलं तर चारचौघं नावं ठेवतात. हॉटेलला नाही म्हटलं तर कोण काय म्हणणार?

घरात तिसरी होती ती श्रीपादची आई. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली. फार गुणाची बाई हो. सुनेच्या पाठीशी उभं राहावं तर तिनेच. अशी सासू शोधून सापडायची नाही.

चार दिवसांत सत्तावीस हॉटेलं झाली. एकाच्या लॉबीत बायकांच्या हातात ग्लास होते. एक स्टेशनच्या फार जवळ, एक फार लांब. एकाची खोली इतकी प्रशस्त की "एकटीला एवढी कशाला?" आणि एकाची इतकी लहान की "तुरुंग आहे का?" हेमलता पुढचं पान उघडायची.

मंगळवारी संध्याकाळी अठ्ठाविसावं निघालं. पान बंद नाही. स्टेशन धड जवळ नाही, धड लांब नाही. बारावा मजला फक्त बायकांसाठी. खोलीचं कार्ड लावल्याशिवाय लिफ्ट त्या मजल्यावर थांबत नाही.

श्रीपादने सगळं दोनदा वाचलं. पट्टी हातात तशीच.

"नाश्त्याला काय देतात?" त्याने विचारलं.

"भात."

भाताला तो काय म्हणणार!

"पण एकट्या बाईला खोली देतात का, ते विचारलंस?" त्याला एकदम सुचलं. रियाधमध्ये तेव्हा पुरुषाचं पत्र असल्याशिवाय एकट्या बाईला हॉटेलात खोली मिळत नसे. त्यामुळे जगभर तसंच असणार, हे त्याने धरून टाकलं होतं. "उद्या दारातून परत पाठवलं तर? थांब, मी पत्र देतो." आणि बसून त्याने इंग्रजीत लिहिलं, की माझी पत्नी माझ्या परवानगीने येत आहे. खाली सही, इकाम्याचा नंबर आणि गोदामाचा शिक्का. माल नीट मिळाला म्हणून मारतात ना, तोच.

हेमलताने हॉटेलकडून आलेला फॉर्म छापला, खोलीच्या फोटोसकट. नाव भरलं, सही केली. सासूने चष्मा लावला आणि कागद हातात घेतला.

"दाराला आतून कडी असते का गं?"

"कार्ड असतं, आई. दार आपोआप लागतं."

"मग आत कोण कोण येऊ शकतं?"

"कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"मी उघडल्याशिवाय कोणीच नाही."

"बाई बाई," सासू म्हणाली. "भीती नाही वाटणार?"

हेमलता नुसती हसली आणि कागद फ्रिजवर ठेवून वर साखरेचा डबा ठेवला.

बुधवारी सकाळी पावणेसातला डबा होता, कागद नव्हता. गेला कुठे? श्रीपादने घडी घालून कचऱ्याच्या पिशवीत टाकला आणि पिशवी खाली कचरापेटीत नेऊन टाकली. मी सांगते ना.

हेमलताने फ्रिज पुढे ओढला. मागे बघितलं, पर्स उलटी केली, वर्तमानपत्रं झटकली. मग बाहेरच्या खोलीत आली. श्रीपाद शर्टाची बटणं लावत होता.

"अहो, माझा फॉर्म?"

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे आई चहा गाळत होती. बराच वेळ बघितलं त्याने. चहा गाळणीबाहेर सांडला.

"मी फेकला," तो म्हणाला.

"काय?"

"फेकला. कचऱ्यात."

"का?"

त्याने वरचं बटण लावलं, जे तो कधी लावत नसे.

हेमलता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ड्रॉवरमधून कॉलिंग कार्ड काढलं, नाण्याने खरवडलं आणि इतके आकडे दाबले, इतके दाबले, की तेवढ्यात एखादा माणूस चालत ओसाकाला पोचला असता. फोन स्पीकरवर टाकला. मुद्दाम.

पलीकडून एक मुलगी बोलली. तिचं इंग्रजी मोजकं, हेमलताचं घाबरलेलं. पण जमलं. बाराव्या मजल्यावरची खोली अजून राखून ठेवलेली होती. फॉर्म पुन्हा पाठवाल का, थेट हॉस्पिटलच्या फॅक्सवर? पाठवते म्हणाली.

मग हेमलताने श्रीपादकडे बघत विचारलं, "माझ्या मिस्टरांचं पत्र आणू का?"

मुलगी गोंधळली. "मिस्टरही राहणार आहेत?"

"नाही."

"मग त्यांचं पत्र कशासाठी?"

आठवड्यात पहिल्यांदा हेमलता मोठ्याने हसली. श्रीपादने टेबलावरचं शिक्क्याचं पत्र उचललं, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवलं. खाली हॉस्पिटलच्या व्हॅनने हॉर्न दिला.

साडेअकराला तिच्या विभागातल्या हफीजाबाजींचा घरी फोन आला, तोही हैदराबादी थाटात. "आ गया कागज, अम्मा. सही करके दे दी उनो. अब मिठाई बनाओ."

सासूने शिरा केला. जरा करपला, पण केला.

निघायच्या दिवशी हेमलता सासूच्या पाया पडली. "येते, आई," म्हणाली. नवऱ्याशी विमानतळापर्यंत एक शब्द बोलली नाही. पंचेचाळीस मिनिटं. बॅग मात्र त्याने तिला उचलू दिली नाही.

दोन दिवसांनी फोन आला.

"पोचले. खोली छोटी आहे."

"दार नीट लागतं ना?" श्रीपादने विचारलं.

"लागतं."

"शिकवणारे कसे आहेत?"

"चांगले आहेत." थोडं थांबून ती म्हणाली, "तुम्हाला आवडलं असतं इथे. सगळ्या गोष्टींना लेबलं आहेत."

त्याने फोन आईकडे दिला.

"झोप लागली का गं एकटीला?" सासूने विचारलं.

"आई, नऊ तास झोपले! कोणी उठवलंच नाही."

सासूने फोन परत दिला आणि भांडी घासायला घेतली. घासून पालथी घातलेलीच होती, तीच.

झाली गोष्ट. बसा, चहा टाकते.

हं, एक मात्र मी रचलेलं आहे. एकच. फॉर्म फेकला असं श्रीपाद म्हणाला, ते खरं. पण त्याने फेकला नव्हता. त्या सकाळी चहा गाळताना माझ्या कमरेला खोचलेल्या कागदाचा कोपरा त्याला दिसला. नंतर त्याने मला कधी विचारलं नाही. अजून भांडण झालं की हेमलता म्हणते, "तुम्ही माझा फॉर्म फेकला होतात," आणि तो म्हणतो, "फेकला होता."

घरात कोणी नसलं की मी तो फॉर्म काढून त्यावरचा खोलीचा फोटो बघते. पलंग एक, उशी एक, खुर्ची एक. पलंगावर निळ्या पट्ट्यांचा एक सैल झगा घडी करून ठेवलाय.

माझ्या अंगात तो बसेल, असं वाटतं.