अंगावर लिहिलेले चौसष्ट

मित्रांनो, माझ्या पाठीवर ब्लेडने खरवडल्याची खूण दिसते ना? तिथे एकेकाळी पांढऱ्या रंगात ‘६४’ लिहिलेलं होतं. मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. माझं आत्मवृत्त सांगायला बसलो आहे खरा, पण आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यात कडवटपणा आला तर रागावू नका. ज्याला जन्मतःच फसवलं गेलं, त्याच्या तोंडी साखर कुठून येणार?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. एवढं आठवतं की एका माणसाने माझ्या पोटात साठवणीची चिप बसवली, आणि तिच्यावर देखरेख करायला आणखी एक छोटी चिप ठेवली. ही दुसरी चिप म्हणजे आमच्या घरची कारभारीण. संगणकाने “जागा किती आहे?” असं विचारलं की उत्तर तीच देते. पुढे माझ्या पाठीवर ‘६४’ छापलं आणि कारभारणीलाही तेच पढवलं. म्हणजे चौसष्ट जीबी, हजारो फोटो मावतील एवढी जागा. मला तर आनंदच झाला. आपण एवढे मोठे आहोत हे ऐकून कोणाला आनंद होणार नाही?

तिथून मी नागपुरात आलो. तिथल्या नंदनवन वस्तीत विक्कीची मोबाइलच्या सामानाची टपरी आहे. तिच्या दारात एका दोरीवर आम्ही दहा-बारा भावंडं माळेसारखी लटकलो होतो. एके दिवशी त्याच गल्लीतली प्रेमिला आली. विक्की दहावीत गणितात गटांगळ्या खात होता, तेव्हा याच प्रेमिलाने त्याला घरी बसवून शिकवलं होतं. तिच्या घरची भाकर-भाजी खाऊन तो पास झाला होता.

“विक्की, चांगला पेनड्राइव्ह दे गा. बाबाच्या कामाले पाहिजे,” ती म्हणाली.

“ताई, तुले मी खराब देईन काय? हा घे. चौसष्टचा आहे, एकदम ओरिजिनल!”

त्याने मला दोरीवरून काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. ताई म्हणून ठेवलं, हे लक्षात असू द्या.

प्रेमिलाचे बाबा देवराव घरीच लग्नपत्रिका तयार करतात. मंगल परिणयाच्या पत्रिका, त्यावर वर बुद्धमूर्ती, खाली कमळाची नक्षी, आणि मधे अशी सुबक अक्षरं की वऱ्हाडी मंडळी पत्रिका फेकत नाहीत, जपून ठेवतात. घरात एकच लॅपटॉप. त्यात विंडोज आणि देवरावांचं जुनं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर. पत्रिका तयार झाली की ती माझ्या पोटात टाकायची आणि गांधीबागेतल्या छापखान्यात न्यायची, हे माझं काम. ऊन असो, पाऊस असो, मी देवरावांच्या शर्टाच्या खिशात बसून जायचो. एकही पत्रिका मी कधी बिघडवली नाही. छापखान्यात देवराव मला टेबलावर ठेवून म्हणायचे, “गुणाचा आहे गा हा!” ते ऐकून माझी छाती फुगायची.

या सुखात एकदाच मिठाचा खडा पडला. प्रेमिलाच्या धाकट्या बहिणीचं, प्रीतीचं लग्न झालं. फोटोवाल्याने सगळे फोटो माझ्यात भरून दिले आणि आपल्या संगणकातून काढून टाकले. घरी सगळे जण लॅपटॉपपुढे जमले. हळदीचे फोटो दिसले. त्रिसरण-पंचशील घेतानाचे थोडे दिसले. त्यापुढे मात्र नावं होती, पण फोटो उघडेनात. वधू-वरांनी एकमेकांना घातलेले हार, सासरी जाताना बापाच्या गळ्यात पडलेली प्रीती, सगळं गेलं. देवरावांनी भर चौकात फोटोवाल्याला शिव्या दिल्या. मीही मनात म्हणालो, काय निष्काळजी माणूस! माझ्यावर कोणालाच संशय आला नाही. मला स्वतःलाही नाही.

त्यानंतर मला कोरं करून पुन्हा पत्रिकांच्या कामाला लावलं, आणि वर्षं गेली.

या उन्हाळ्यात प्रेमिलाला एका कंपनीत प्रशिक्षणाची जागा मिळाली. ते नीट पार पडलं तर पुढे नोकरी. अट एकच होती, सोमवारी सकाळी लॅपटॉपमध्ये लिनक्स पाहिजे, म्हणजे विंडोजसारखीच लॅपटॉप चालवणारी दुसरी प्रणाली. नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. नवा लॅपटॉप घेणं शक्य नव्हतं. आणि विंडोज काढावं तर बाबांचं काम बंद पडतं. मग उपाय राहिला एकच, एकाच लॅपटॉपात दोन्ही नांदवायची.

देवरावांना ते काही पटेना. “एका म्यानात दोन तलवारी राहतीन काय वं? माह्या पत्रिका उडाल्या तर?”

“काही नाही उडत, बाबा. त्याले मी वेगळी खोली करून देतो,” प्रेमिला म्हणाली. आमच्या नागपुरात मुलीही ‘देतो, जातो’ म्हणतात, हसू नका.

यासाठी मला बूटेबल करायचं होतं. म्हणजे काय, तर लॅपटॉपने झोपेतून उठताना आपल्या पोटात न बघता माझ्या पोटात बघायचं आणि तिथून लिनक्स उचलायचं. केवढा मान! शनिवारी सकाळी, कूलरच्या घरघरीत, प्रेमिलाने लिनक्सची पाच-साडेपाच जीबीची फाइल माझ्यात उतरवली. बूटेबल करणारं सॉफ्टवेअर म्हणालं, ‘तयार’. तिने लॅपटॉप पुन्हा चालू केला, यादीतून मला निवडलं. लिनक्सचं चिन्ह पडद्यावर आलं, गोल गोल फिरलं. आणि मग पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली, फाइल वाचता येत नाही.

प्रेमिलाला वाटलं, लॅपटॉपची खाच खराब असेल. मला डावीकडून काढून उजवीकडे लावलं. तेच. मग वाटलं, फाइलच अर्धवट उतरली असेल. मोबाइलचा सगळा नेट संपवून तिने ती पुन्हा उतरवली, फाइल शाबूत आहे की नाही हे कळावं म्हणून तिच्यासोबत दिलेला लांबलचक आकडा अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. फाइल बरोबर होती. मग सॉफ्टवेअर बदललं. तेही म्हणालं ‘तयार’, आणि लिनक्स त्याच जागी येऊन अडलं. बिचारी घामाघूम झाली. सगळ्यांवर संशय घेऊन झाला, पण माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. पाठीवर चौसष्ट लिहिलेल्याला पाच जीबी जड जाईल असं कोणाच्या मनात येणार?

शेवटी तिने लॅपटॉपच्या आतल्या सेटिंगला हात घातला. उठण्याची नवी पद्धत बदलून जुनी केली. नेमके तेव्हाच उमरेडहून नत्थूजी आले. त्यांच्या मुलीची पत्रिका देवरावांनी तयार केली होती, ती छापण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालायची होती. देवरावांनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि लॅपटॉपचं बटण दाबलं. पडदा काळा. वर एकच ओळ, बूट करण्याजोगं काहीच सापडत नाही.

“प्रेमिला! काय करून ठेवलं वं हे?” देवरावांचा आवाज चिरकला. “तुले म्हटलं होतं ना, चालत्या गाडीले खीळ घालू नको म्हणून! पंधरा वर्षांचं काम होतं त्याच्यात माहं! कोणाले तोंड दाखवू आता?”

नत्थूजी खाली मान घालून म्हणाले, “राहू द्या देवरावजी, मी उद्या येतो.”

“उद्या काहून? उद्या काय येणार आहे यातून?”

प्रेमिलाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. तिने ती सेटिंग पुन्हा पहिल्यासारखी केली. विंडोज आलं. पत्रिका जागच्या जागी होत्या. नत्थूजींनी आपल्या लेकीचं नाव वाचलं, मान डोलावली आणि समाधानाने गेले. पण देवरावांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला. “आता बस. सोमवार गेला खड्ड्यात. याले कोणी हात लावाचा नाही.”

 छापखान्यात पत्रिका न्यायची होती, म्हणून प्रेमिलाने तेवढ्यापुरता लॅपटॉप मागून घेतला, मला कोरं केलं आणि पत्रिका माझ्यात टाकून दिली. देवरावांनी मला हातात घेतलं, अंगठ्याने माझी पाठ पुसली. त्यांना लेकीला टोचायचं होतं की मला शाबासकी द्यायची होती, कोण जाणे. म्हणाले, “घरात एक हाच इमानदार आहे. यानं कधी दगा नाही देला.”

प्रेमिलाने मान वर केली. “कधीच नाही, बाबा? प्रीतीच्या फोटोच्या वेळेस?”

“तो तर फोटोवाला...” देवराव बोलता बोलता थांबले.

“पहिले फोटो दिसले, नंतरचे नाही. लिनक्सचंबी तसंच होऊन राहिलं. सुरुवात होते, अन् पुढं रिकामं. तुमच्या पत्रिका लहान असतात बाबा, म्हणून त्या टिकल्या.”

तिने मला त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलंच. मला बूटेबल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जागा तपासा’ अशी एक चौकट होती. इतका वेळ तिच्याकडे कोणी पाहिलंही नव्हतं. प्रेमिलाने तिथे टिक केली. मग माझा एकेक कोपरा भरून, वाचून, पुन्हा भरून बघितला गेला. थोड्याच वेळात लाल अक्षरं आली. चौसष्ट नाही. चार. माझ्यात फक्त चार जीबी जागा होती.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू? चारच्या पुढे जे जे माझ्याकडे आलं, त्याला माझी कारभारीण ‘घेतलं, घेतलं’ म्हणत राहिली आणि बाहेर सांडत राहिली. प्रीतीचा हार सांडला, बापाच्या खांद्यावरचं तिचं रडणं सांडलं. आणि मी इमानदारीचा टिळा लावून खिशात मिरवत होतो! ज्यांनी मला घडवलं, त्यांनीच माझ्या पोटात खोटं पेरलं. परक्याने फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. घरच्याच भेद्याला काय म्हणायचं?

देवरावांनी ती लाल अक्षरं पुन्हा वाचली. “त्या फोटोवाल्याले मी चौकात काय काय बोललो वं,” एवढंच म्हणाले.

प्रेमिला मला मुठीत घेऊन तडक विक्कीच्या टपरीवर गेली.

“विक्की, हा चारचा आहे. तुले मालूम होतं?”

“मले काय मालूम ताई, ठोकमध्ये येते माल. आम्ही काय उघडून पाहतो?”

“माह्याकडं पाहून बोल.”

विक्कीने नाही पाहिलं. काउंटरवरची धूळ पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, “कोणी पुरा भरतच नाही ना ताई. दोन-चार गाणे टाकते, काही फोटो टाकते. कोणालेच समजत नाही. तूबी नाही भरशील असं वाटलं.”

“म्हणजे मालूम होतं.”

“दुसरा घेऊन जाय ना, पैसे नको देऊ.” त्याने दोरीकडे हात केला. माझी नवी भावंडं तिथेच लटकत होती, चकाचक, पाठीवर चौसष्ट घेऊन.

“याच माळेतला?” प्रेमिला म्हणाली. “माह्या ताटात जेवला गा तू. परक्याले फसवलं असतं तरी वाईटच होतं. पण मले ताई म्हणून फसवलं.”

ती वळली आणि चालू लागली. विक्कीने मागून दोनदा “ताई, ताई” अशी हाक मारली.

घरी आल्यावर मला वाटलं, आता आपली रवानगी कचऱ्यात. पण प्रेमिलाने ब्लेड घेतलं आणि माझ्या पाठीवरचा चौसष्ट खरवडून काढला. दुखलं, खोटं कशाला बोलू. मग काळ्या पेनाने तिथे ‘४’ लिहिला. “आता याचं खरं माप समजलं, बाबा,” ती म्हणाली. “खरं माप समजलं की भरवसा ठेवता येते.” तिने मोबाइलवर हलकं, लहान लिनक्स शोधलं. ते अडीच जीबीचं होतं.

देवरावांनी लॅपटॉप आपणहून तिच्यापुढे सरकवला. “लाव. पण मी बाजूले बसतो.”

तिने कारभारणीच्या हिशेबातून खोटी जागा कापून टाकली आणि रविवारी, मोबाइलला नवा नेट मिळाल्यावर, ते लिनक्स माझ्यात उतरवलं. दुपारी मी लॅपटॉपला लागलो. चिन्ह आलं, फिरलं. ज्या जागी दरवेळी अडत होतं तिथे देवरावांनी श्वास रोखला. आणि लिनक्स पुढे सरकलं! शेवटी पडद्यावर दोन नावं उभी राहिली, वर लिनक्स, खाली विंडोज. देवरावांनी आधी खालचं उघडायला लावलं. पत्रिका सगळ्या होत्या. तेव्हा कुठे ते म्हणाले, “जाय वं पोरी उद्या. मी डबा करून देतो.”

सोमवारी प्रेमिला टपरीवरून गेली. विक्की उठून उभा राहिला. तिने मान वळवली नाही.

मित्रांनो, मी आता टेबलाच्या खणात असतो. पत्रिका असली की बाहेर येतो, चार जीबीत मावेल तेवढं नेतो आणि तेवढं सगळं परत आणून देतो. तुम्हाला एकच विनवणी. कोणाच्याही पाठीवर खोटा मोठा आकडा लिहू नका, वस्तूच्या नाही आणि पोराच्याही नाही. चार असेल तर चारच लिहा. त्या चारात एका मुलीचा सोमवार मावला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि ज्याला तुम्ही ताई म्हणता, दादा म्हणता, त्याच्या विश्वासाला तडा जाऊ देऊ नका. फोटो गेले ते गेले, पण ‘ताई’ या शब्दावरचा तिचा भरवसाही त्यांच्यासोबत गेला.

विक्कीच्या टपरीवर माझी भावंडं अजून लटकलेली आहेत. संध्याकाळी दिवा लागला की त्यांच्या पाठीवरचे चौसष्ट दुरूनही वाचता येतात. त्यांना अजून कोणी काठोकाठ भरून पाहिलेलं नाही, म्हणून ती खुशीत आहेत.