कापसाआडची नदी

कापसाचा बोळा आज जरा मोठाच झाला होता — अंगठ्याने दाबला तरी कानात बसेना, कारण आत आधीच ती काळी, घेवड्याच्या बीएवढी वस्तू बसलेली. मंजुश्रीने बोळा अर्धा तोडला, इयरबडवरून पसरला आणि स्कार्फची गाठ हनुवटीखाली घट्ट केली. आता कुणीही पाहिलं तरी ओली बाळंतीणच. दोन्ही कानांत कापूस, पायांत मोजे... एका कानात मात्र नदी.

बाळंतिणीने सव्वा महिना मोबाईल बघायचा नाही, डोळे जातात, हा पार्वतम्मांचा नियम. माहेरी, भोकरला, आईचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही निलंग्याला, सासरीच. आणि सासरी नियम सासूबाईंचे, म्हणजे अव्वांचे. मोबाईल सापडला तर तो सरळ देव्हाऱ्याखालच्या कपाटात जाणार आणि त्याच्याबरोबर ही दुपारही. बाळाला अव्वा स्वतः पायांवर घेऊन न्हाऊ घालतात, ओवा-वेखंडाची धुरी देतात, मग ते असं काही झोपतं... अव्वाही पलीकडे आडव्या होतात. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवायची, मोबाईल उशीला टेकवायचा. तेवढा वेळ माझा.

सिनेमात एक बाई होडी चालवायला शिकत होती. नवरा आखातात, त्याची होडी दारात बांधलेली, आणि एके सकाळी हिने ती सोडली, एवढंच. गेले तीन दिवस मंजुश्री हा सिनेमा घोट-घोट बघत होती, संपू नये म्हणून. काय माणसं आहेत ही मल्याळम सिनेमावाली! बाई नुसती भांडी घासत बसली तरी त्यांचा कॅमेरा उठून जात नाही. भाताची पेज गाळताना तिच्या मानेवर आलेला घाम, मागे कुठेतरी कोंबडी, आणि सगळीकडे पाणी — दाराशी पाणी, शब्दांतही पाणी, ळ आणि त्यांचा तो जीभ वळवून म्हणायचा ऴ असे घरंगळत येणारे की अर्थ खालच्या इंग्रजी ओळीत सापडेपर्यंत कान आधीच तृप्त. मंजुश्रीचा नवरा रविकिरण हसतो. “भाषा येईना, इडली जमेना, आन् म्हणे मल्याळम!” हसू दे. खताच्या दुकानातून आलेल्या माणसाला कसं सांगायचं की लातूरला मेडिकलच्या क्लासला असताना, जीवशास्त्राच्या पुस्तकात दडवून, मी मल्याळम कथांचं एक भाषांतर वाचलं होतं... त्यात एक कारकून बोटीतून चुकीच्या धक्क्यावर उतरतो आणि जन्मभर तिथेच राहतो. रडारड नाही, कुणाला दोष नाही. तिथल्या शाळेपुढे तो एक फणस लावतो. मेडिकलचा निकाल लागला त्या दिवशी घरात सगळे रडले, मी त्या फणसाचा विचार करत होते.

होडी मधल्या धारेला आली. बाई घाबरली होती. वल्हं पाण्यात, होडी गोल फिरतेय, आणि काठावरची माणसं हसायची थांबलीत... मंजुश्रीचा दोरी ओढणारा अंगठाही थांबला. अंगठाही थांबला.

खांद्यावर हात पडला तेव्हा तिला कळलं.

“अगं मंजू! लेकराचा घसा बसला की रडून!”

पाळण्यातून बाळाला उचलून अव्वा समोर उभ्या होत्या, बाळाचं तोंड लालबुंद. मंजुश्रीने स्कार्फ ओढला, कापूस निघाला आणि पाठोपाठ ती काळी बी गोधडीवर पडली. खोलीत बारीकसा आवाज येऊ लागला. पाण्याचा.

ऐकलं नाही मी. माझं लेकरू रडत होतं आणि मी दुसऱ्याच नदीत... तिचे डोळे भरून आले. आता हात पुढे येईल, मोबाईल जाईल. जाऊ दे, जायलाच हवा. नको, जायला नको.

अव्वांनी बाळाला खांद्यावर थोपटलं. उशीकडे बघत राहिल्या.

“ही कोण?”

“सिनेमातली आहे, अव्वा. केरळची. होडी शिकतेय.”

“डावा हात कच्चा हाय तिचा. म्हणून गरागरा फिरायली.”

“तुम्हाला होडीतलं काय कळतं?”

“जात्यावर बसले न्हाई व्हय मी? एक हात दमला की जातं असंच करतंय.” बाळ बोट चोखत शांत झालं होतं. त्यांनी त्याला पाळण्यात ठेवलं, दोरी स्वतःच्या हातात घेतली आणि गोधडीवर टेकल्या. “पोचती का न्हाई?”

“माहीत नाही. बघायचंय अजून.”

“मग लाव की. ते कानातलं कशाला, मोठ्यानं लाव. मला सांगत जा काय म्हणती. आन् कानात कापूस घाल आधी, वारं लागंल.”

तिने दोन्ही कानांत नुसता कापूस घातला. नदी आता बाहेरून येत होती, दूरची, सगळ्यांची.

“ती म्हणतेय...” मंजुश्री अडखळली. इतके दिवस ती बाई फक्त तिच्याशी बोलत होती. आता तिला निलंग्यात आणायचं, ह्या खोलीत, धुरीच्या वासात. “ती म्हणायली, माझ्याजवळ नका येऊ कुणी. मला चालवता यायलंय.”

“यायलंय म्हणं,” अव्वा पुटपुटल्या. “बघू.”

काहीतरी हातातून गेलं होतं, नक्की. त्या जागी काय आलं ते तिला कळेना. चोरलेली दुपार चोरलेली राहिली नाही, तर मग ती कुणाची? होडी पुन्हा एकदा फिरली, थबकली, किंचित सरळ झाली. खाली इंग्रजी ओळ उमटून गेली, पण मंजुश्रीने ती वाचली नाही. ती अव्वांचा डावा हात बघत होती — दोरी उजव्या हातात असूनही तो गोधडीवर, पाण्यात बुडवलेल्या वल्ह्यासारखा, मागे रेटत होता.