आपल्या झाडाचा गूळ

मित्रांनो, अंगणाच्या कोपऱ्यात केळीच्या बुडाशी कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवलेली ती काळी दगडी ताटली दिसते का? काठाचा टवका उडालाय, पोटात शेवाळ धरलंय. तो मी. मी एक जुना चोबेक आहे. इकडे जावा बेटावर कुठल्याही चुलीपाशी माझ्या जातीचा एक तरी सापडतोच. मिरची, लसूण, शेंगदाणे, जे काही वाटायचं ते आमच्या खोलगट पोटात घालून दगडी बत्त्याने रगडतात. माझी कहाणी सांगतो, पण ती ऐकून बरं वाटेल अशी आशा धरू नका.

माझा जन्म मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याचा. डोंगराने कधीकाळी ओकलेला दगड नदीने खाली आणला आणि एका पाथरवटाने त्यातून मला घडवलं. छिन्नीचे घाव बसत तेव्हा मला त्या म्हाताऱ्याचा फार राग येई. माझ्याकडे इतकं लक्ष देऊन बघणारा माणूस पुढे क्वचितच भेटणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

पोनियाचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने बाजारात एकेक चोबेक ठोकून, आवाज ऐकून मला निवडलं. नवा चोबेक आणल्या आणल्या वापरत नाहीत, त्याची कच दाताखाली येते. पोनियाने ओलं खोबरं आणि भिजवलेले तांदूळ माझ्यात रगडले, ते फेकून पुन्हा नवे रगडले. वाटण पांढरंशुभ्र निघेपर्यंत ती उठली नाही. नवी नवरी घामाघूम झाली होती आणि सासू दारातून बघत होती. त्या दिवसापासून मी तिच्या मनगटाला ओळखतो.

तिचा नवरा वागिमान माडावर चढणारा गडी. सकाळ-संध्याकाळ कमरेला कोयता अडकवून सरसर वर जायचा, फुलोऱ्याच्या पोयीला छेद द्यायचा आणि नीरा उतरवून आणायचा. पोनिया ती मोठ्या कढईत आटवायची आणि करवंट्यांमध्ये ओतायची. थंड झालं की करवंटीच्या आकाराची तपकिरी ढेप निघायची. कुलोन प्रोगो जिल्ह्यातल्या आमच्या सगळ्या गावाचा हाच धंदा. पाहुणा आला की चहाबरोबर गुळाचा खडा पुढे यायचा, बाळंतिणीला गूळ, तापातून उठलेल्याला गूळ. दुकानातली पांढरी साखर ती साखर. गूळ तो घरचा माणूस.

त्या गुळाची एक ढेप रोज माझ्या पोटात यायची. भाजलेले शेंगदाणे, लाल मिरची, लसूण, चिंच, लिंबाचं पान आणि गूळ. पोनिया बसल्या जागेवरून असं काही रगडायची की शेजारणी वाट्या घेऊन यायच्या. उकडलेल्या शेंगा, मोड आलेले मूग आणि पाल्यावर ते वाटण ओतलं की झालं पेचल. वागिमान ताटातलं संपवून मग माझ्या पोटाला लागलेलं बोटाने पुसून खायचा.

"अहो पाक, दगडालाही खाता की काय?" पोनिया म्हणायची. इकडे बापाला पाक आणि आईला बू म्हणतात, आणि बायकोही नवऱ्याला तशीच हाक मारते.

"दगडाने काय केलंय, त्याला का सोडू?" असं म्हणून तो पुन्हा बोट फिरवायचा.

मला ते फार आवडायचं. आज ते आठवलं की पोटातलं पाणीसुद्धा आंबट वाटतं.

पोरगी वेनिंग मोठी झाली, शिकली, शहरात नोकरीला लागली. त्याच सुमारास वागिमान वाळायला लागला. सारखी तहान, पायाला मुंग्या. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सरळ सांगितलं, "साखर वाढलीय. साखर बंद. पायांना जपा. आटोक्यात नाही राहिली तर पायावर बेतेल, मग माडावर कसले चढताय?"

पोनिया त्या दिवशी घरी आली ती सरळ स्वयंपाकघरात शिरली. नवऱ्याचे पाय म्हणजे त्या घराचे दोन खांब. तिने फडताळातली साखरेची बरणी काढली आणि शेजारणीला देऊन टाकली. चहाचा चमचासुद्धा उकळत्या पाण्यात घालून धुतला. मग माझ्यापाशी बसली, नेहमीसारखे शेंगदाणे घातले, मिरची घातली आणि गुळाची ढेप फोडली.

"गुळाचं काय गं?" वागिमानने दारातूनच विचारलं.

"गुळाचं काय व्हायचंय? तुम्ही उतरवता, मी आटवते. त्यात कारखान्याचं काही आहे का?"

"तेच म्हणतो मी. माझ्या झाडाने माझं कशाला वाईट करावं?"

इतकं सरळ होतं ते. हसू नका. तुमच्याही घरात कुणीतरी असंच बोलत असेल.

वेनिंग दर शनिवारी स्कूटरवरून यायला लागली, मोबाइलमध्ये नवे नवे पदार्थ भरून. तळण बंद झालं. पांढरा भात जाऊन लाल तांदूळ आला. कारल्याचा रस आला. पपईची कोवळी पानं आली, कारण कडू खाल्लं की रक्तातलं गोड कमी होतं असं तिने कुठेतरी बघितलं होतं. गुळवेलीचा काढा आला, त्याचा वास घेतला तरी डोळे मिटायचे.

"पोरी, हा भात आहे की कोंबड्यांचा दाणा?" वागिमान कुरकुरायचा.

"पाक, तुम्ही चावून खात नाही म्हणून तसं लागतं."

"चावतोय की! सकाळी घातलेला घास अजून चावतोय."

सगळे हसायचे. पण कडू पानं घशाखाली उतरेनात. मग पोनिया वाटणात गुळाचा आणखी एक खडा टाकायची. काढा प्यायल्यावर तोंडात धरायला एक खडा, कारल्याच्या रसावर एक. पथ्य जितकं कडू होत गेलं तितका गूळ वाढत गेला. माझ्या पोटात किती पडतोय ते मला कळत होतं आणि त्याच्या जिभेला कळत होतं. मी दगड. त्याची जीभ खूश होती.

एकदा पोनियाने वाटता वाटता हात थांबवून विचारलंही होतं. "वेनिंग, गूळ फार तर होत नाही ना गं?"

"बू, गूळ नैसर्गिक असतो. तुम्ही बिनघोर घाला," वेनिंग म्हणाली. मग तिने मोबाइल उभा धरला आणि आईचा हात आणि मी असा व्हिडिओ काढला. "बघा, हे माझ्या बूंचं पथ्याचं पेचल. जुना दगडी चोबेक, घरचे शेंगदाणे आणि साखरेचा कणही नाही. साखरेच्या जागी आपल्या झाडाचा गूळ!" म्हणे कितीतरी लोकांनी तो बघितला, वाहवा केली. पलीकडच्या वस्तीवरच्या बायका पथ्याचं वाटण शिकायला आमच्या चुलीपाशी येऊन बसल्या. पोनिया पदराआड लाजत होती. मलाही फुगायला झालं होतं, लपवत नाही.

रक्त पुन्हा तपासायला मात्र वागिमान गेला नाही. सुई म्हटलं की माड चढणारा गडी लहान पोर व्हायचा. "कडू खाऊन खाऊन जीभ लाकूड झाली, आता कसली साखर राहते?" असं म्हणून तो कोयता उचलायचा. घरातल्या कुणालाच ते चूक वाटलं नाही.

मग एका सकाळी माडावरून उतरताना त्याचा पाय फुटक्या करवंटीवर पडला, गूळ ओततात तसल्याच. कडा तळव्यात शिरली. पायाला मुंग्या होत्याच, त्यामुळे दुखलंच नाही. तो तसाच घरी आला, रक्ताचे ठसे पोनियाने ओसरीवर बघितले तेव्हा त्याला कळलं. तिने हळद लावली. जखम भरेना. अंगठा काळा पडला, मग वास यायला लागला. वेनिंगने त्याला शहरातल्या इस्पितळात नेलं. परत आणलं तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

त्याला बिछान्यावर निजवून वेनिंग सरळ स्वयंपाकघरात आली. पोनिया माझ्यासमोर बसून मिरच्यांची देठं खुडत होती.

"नर्सने मला सगळ्यांदेखत विचारलं, घरी गोड काय खातात? मी छातीठोकपणे म्हणाले, काही नाही. आणि पाकच सांगायला लागले, पेचलात गूळ, काढ्यावर गूळ, रसावर गूळ! नर्स माझ्या तोंडाकडे बघत राहिली. गूळ म्हणजे साखरच, म्हणाली, रक्ताला दोन्ही सारखंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी इतकं राबतेय, नवनवीन पदार्थ शोधून आणतेय, आणि तू मागून विष कालवत होतीस?"

मित्रांनो, त्या चुलीपाशी मुलीने आईला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. इकडे तशी रीतच नाही. पोनियाच्या हातातली मिरची खाली पडली. पडद्याआड वागिमान जागा होता, खाकरला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. बोट फिरवून मला पुसून खाणारा तोच हा.

मी वाट बघत होतो. आता ती म्हणेल, पोरी, तूच म्हणालीस ना बिनघोर घाला म्हणून? तूच ना तो व्हिडिओ काढलास? पोनियाने लेकीकडे बघितलं. तिचे सुजलेले डोळे बघितले, इस्पितळातल्या जाग्रणांनी चुरगळलेले कपडे बघितले.

"हो," ती म्हणाली. "मीच घातला."

बापाच्या पायाचं ओझं पोरीच्या डोक्यावर नको, एवढाच तिचा विचार होता. वेनिंगला ते कळलं नाही, किंवा कळूनही चाललं. तिने मला दोन्ही हातांनी उचललं, मागच्या दारातून बाहेर नेलं आणि टाकलं. काठाचा टवका तेव्हा उडाला. पुढच्या शनिवारी मिक्सर आला आणि वेनिंगही घरीच राहायला आली. पोनियाला चुलीपाशी बसायला मज्जाव झाला. ती आता फक्त अंगण झाडते आणि कोंबड्यांना दाणे टाकते. तिने नव्हे, वेनिंगने माझ्यात पहिल्यांदा पाणी ओतलं.

वागिमान ओसरीवर बसून असतो. त्याचे माड आता शेजारी चढतो. सकाळी वरून कोयत्याचा आवाज आला की तो मान वर करतो आणि बराच वेळ खाली घेत नाही. एकदा त्याने लेकीला म्हटलं, "तो तुझ्या बूचा पिक्चर दाखव ना. ती वाटत असते तो."

"काढून टाकला मी तो," वेनिंग म्हणाली आणि उठून आत गेली. मी जवळच होतो. पोनियाही केरसुणी घेऊन जवळच होती.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. वेनिंगने मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं वाटण केलं आणि बापाच्या पुढे ताट ठेवलं. त्याने एक घास घेतला आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

"अगदी तुझ्या बूच्या हातचं!"

"साखर नाही, गूळ नाही, पाक. मध घातलाय. रानातला, कच्चा. मधाने काही होत नाही, मी नीट बघितलंय."

पोनियाची केरसुणी थांबली. "मधही गोडच की गं, पोरी," ती अंगणातून म्हणाली.

"बू, तुम्ही आता यात बोलू नका."

'तुम्ही' परत आलं होतं. कोर्टात साक्षीदाराला म्हणतात तसं.

पोनियाने केरसुणी ठेवली. केळीपाशी आली, माझ्यातलं पाणी ओतलं, कोंबड्या फडफडत पळाल्या. तिने काथ्या आणि राखेने मला घासलं, शेवाळ काढलं, मीठ लावून पुन्हा घासलं. माझ्या दगडाच्या जिवात काय झालं ते सांगता येत नाही. वाटलं, संपला वनवास. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. शेंगदाणे, मिरची, लसूण, मीठ, चिंच. मनगट तेच होतं. गोड काहीच पडलं नाही. पपईची उकडलेली पानं तिने त्यात कालवली आणि मलाच उचलून नवऱ्यापुढे ठेवलं.

"हे खा."

त्याने बोटभर चाखलं. "कडू आहे."

"पानं कडूच असतात. इतकी वर्षं मी तुम्हाला कळू दिलं नाही."

वागिमानने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग मला हाताने बाजूला सारलं. "ते पोरीने केलेलं दे इकडे."

वेनिंगने ताट पुढे केलं. तिने आईकडे बघितलं नाही.

पोनिया मला घेऊन मागच्या पायरीवर बसली. ते सगळं कडू तिने एकटीने खाल्लं, शेवटी बोट फिरवून माझं पोटही पुसून खाल्लं, एकेकाळी तो खायचा तसं. मग मला धुतलं, केळीपाशी नेलं, जागेवर ठेवलं आणि पाणी ओतलं. कोंबड्या परत आल्या. तिनेच ठेवलं, मित्रांनो, म्हणून आता मी इथून हलायची आशा सोडली आहे.

अशा गोष्टीच्या शेवटी म्हातारी वस्तू म्हणते, मला जपा. मी तसं म्हणणार नाही, कोंबड्यांचं आणि माझं बरं चाललंय. पण तुमच्या घरी कुणी आजारी पडलं आणि पथ्याचे नवे नवे बेत सुरू झाले, तर ताटात काय पडतंय ते डॉक्टरांना नीट विचारा. जिभेला आवडेल तेवढंच ऐकू नका. आणि चूक झालीच, तर जो मुकाट्याने 'मीच केलं' म्हणतो त्याच्या अंगावर सगळं टाकून मोकळे होऊ नका. घरातून आत्ता पुन्हा मिक्सरचा आवाज येतोय. वागिमानला एक पाय अजून आहे.